'पारंपरिक' म्हणजे कोण?

मराठी गाण्याच्या जगांत एक विलक्षण कवि वावरत आहे. त्याची रचना विपुल. गोंधळ, जागर, आराध्यांचीं पदें, पोतराजाचीं गाणीं, जात्यावरच्या ओव्या, भारुडें, कोळीगीतें, सारे प्रकार त्यानें हाताळले आहेत. चाली बांधण्यांतहि तो कोणाला हार जाणारा नाहीं. शेंकडों ध्वनिमुद्रिकांवर त्याचें नांव छापलेलें आहे, आणि तरीहि सभेंत त्याला हार घातलेला किंवा मानधनाचें पाकीट त्याच्या हातीं दिलेलें कोणीं पाहिलेलें नाहीं. या कवीचें नांव 'पारंपरिक'. हा गृहस्थ कोण, कोठला, त्याच्या घरीं चूल कशावर पेटते, याची थोडी चौकशी करावी एवढाच या लेखाचा हेतु आहे.

चौकशीला निमित्त अलीकडच्या एका वादाचें आहे. लोकगीताला व संतवाणीला विजेच्या गिटारीची आणि ड्रमची जोड देऊन गाणाऱ्या ज्या मंडळ्यांना 'फोक-रॉक बँड' म्हणतात, त्या आतां आपल्याकडे नवलाईच्या राहिल्या नाहींत. मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट' या मंडळीनें अभंग गिटारीवर चढविले आणि महाविद्यालयीन तरुणांनीं ते डोक्यावर घेतले. सुशिक्षित घरांत त्यावरून दोन तट पडले आहेत. वडीलधाऱ्यांचा तट म्हणतो, 'परंपरा बाटली.' तरुणांचा तट म्हणतो, 'परंपरा वांचली.' आमच्या मतें दोन्ही तट भलत्याच रणांगणावर लढत आहेत. परंपरा गिटारीनें बाटत नाहीं आणि गिटारीनें वांचतहि नाहीं. खरा प्रश्न वाद्याचा नाहीं. तो नांवाचा आणि वांट्याचा आहे.

आधीं वडीलधाऱ्यांचा पूर्वपक्ष घेऊं. विलायती वाद्य आलें कीं देशी गाण्याचें सोंवळें मोडतें, असें त्यांचें म्हणणें. मग ज्या पेटीच्या सुरावर आमचीं भजनें आणि कीर्तनें उभीं राहतात ती पेटी कोठली? हार्मोनियमचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत युरोपांत झाला. तिच्यावरहि असाच बहिष्कार पडला होता. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला दाराबाहेर काढलें, आणि ही बंदी सुमारें तीन दशकें टिकली. त्या काळीं ती भारतीय संगीताचा घात करते असें मोठमोठे जाणते सांगत होते. आज तिच्यावांचून भजनी मंडळाचें पान हालत नाहीं, आणि तीच पेटी मांडीशीं घेऊन बसलेले बुवा गिटारीला परकी म्हणतात! परकेपणाची ही मुदत किती वर्षांनीं संपते, तें त्यांनीं एकदां जाहीर करावें, म्हणजे गिटारवाल्यांना तेवढी वाट पाहतां येईल.

हा गोंधळ केवळ आपल्याच देशांत माजला असेंहि नाहीं. १९६५ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंत न्यूपोर्ट येथील लोकसंगीताच्या महोत्सवांत बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हां श्रोत्यांपैकीं कित्येकांनीं त्याची हुर्यो केली. लोकगीताशीं त्यानें द्रोह केला, हा त्याच्यावरचा आरोप. त्याच डिलनला २०१६ सालीं वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तें देतांना अमेरिकन गीतपरंपरेंतील त्याच्या काव्याचाच गौरव झाला. हुर्यो करणाऱ्यांचें अज्ञान यांत नव्हतें कीं त्यांना गाण्याची चाड नव्हती. त्यांची चाड चुकीच्या जागीं बसली होती, इतकेंच.

आतां मराठी वाचकाला अगदींच परक्या नसलेल्या एका गायकाची कारकीर्द पाहूं. रघु दीक्षित यांचा जन्म १९७४ सालीं नाशिकचा. वाढले मात्र ते म्हैसूरला. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचें, तालीम भरतनाट्याची, आणि हातीं पडली गिटार. गेल्या शतकाच्या अखेरीस 'अंतराग्नि' नांवाचा बँड त्यांनीं उभारला. पुढें त्याचेंच रूपांतर 'द रघु दीक्षित प्रोजेक्ट' यांत झालें. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांचे उंबरठे बरींच वर्षें झिजविल्यावर २००८ सालीं विशाल-शेखर या संगीतकार जोडीनें त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. २०१० सालीं ते लंडनला बीबीसीवर जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमांत गायले. २०११ सालीं 'साँगलाइन्स' या मासिकानें नवोदित कलावंताचा पुरस्कार त्यांना दिला. लुंगी नेसून, पायांत घुंगरू बांधून हा गायक परदेशच्या रंगमंचावर उभा राहतो, आणि गातो काय? तर शिशुनाळ शरीफ यांचीं कानडी पदें.

शरीफ (१८१९-१८८९) हे हावेरी जिल्ह्यांतले. मुसलमान घरांत जन्मले आणि गोविंदभट्ट या ब्राह्मण गुरूचे शिष्य झाले. त्यांचीं पदें गिटारीवर आलीं म्हणून कानडी भाषेचें कांहीं बुडालें नाहीं. उलट कानडीचा गंधहि नसलेल्या श्रोत्यांना त्या पदकर्त्याचें नांव कळलें. येथें अधोरेखित करण्याजोगी गोष्ट हीच आहे. शरीफांचीं पदें शरीफांच्याच नांवावर छापलीं गेलीं. त्यांच्या पदावर कोणीं 'पारंपरिक' असा शिक्का मारला नाहीं. 'अभंग रिपोस्ट'सारख्या मंडळ्या तुकोबांचा अभंग गातात तेव्हां श्रोत्याला तो तुकोबांचाच म्हणून कळतो. म्हणजे बँड हा जात्याच चोर आहे, असें म्हणण्याला मुळींच आधार नाहीं.

मग संतांचें नांव कां टिकतें? तें गाण्याच्या पोटांतच गोंवलेलें असतें म्हणून. आमच्या संतकवींनीं व शाहिरांनीं हा केवढा दूरदर्शी शहाणपणा केला! अभंगाच्या शेवटीं नाममुद्रा, पोवाड्याच्या शेवटीं शाहिराचें नांव. १८९१ सालीं ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हां अज्ञानदास, तुळशीदास हीं नांवें कवनांत शाबूत होतीं. अफझलखानाचा वध १६५९ सालचा. म्हणजे त्यावरचें कवन मुद्रणालयाचें तोंड पाहण्यापूर्वीं सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळ केवळ माणसांच्या तोंडीं जगलें. त्या माणसांत गोंधळी प्रमुख होते. कवन रचणाऱ्याचें नांव कवनांत होतें, तें राहिलें. कवन आठ-दहा पिढ्या पाठ ठेवणाऱ्यांपैकीं एकाचें तरी नांव आपल्यापैकीं किती जणांना सांगतां येईल?

आपल्या परंपरेला नांवाची पर्वा नव्हती, सारें कसें निर्मम आणि सामुदायिक होतें, हा समज पश्चिमेकडच्या पुस्तकांतून आपल्याकडे आला आणि सोयीचा म्हणून रुजला. वस्तुतः नांव चोरणें हें आमच्याकडे पापच समजलें जाई. तुकोबांच्या अभंगांत आपलें नांव घुसडणाऱ्या सालोमालोची कथा महाराष्ट्रांत पोराठोरांना ठाऊक आहे. १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम' चित्रपटांत तोच खलपुरुष आहे. त्या सालोमालोला निदान चोरी करण्याचे कष्ट तरी पडले. दुसऱ्याचें नांव खोडून त्याला स्वतःचें लिहावें लागलें, आणि म्हणून तो पकडलाहि गेला. आजची युक्ति अधिक सफाईची आहे. दुसऱ्याचें नांव खोडावें आणि त्या जागीं कोणाचेंच लिहूं नये. 'पारंपरिक' हा शब्द लिहिणारा मनुष्य चोर ठरत नाहीं, उलट परंपरेचा भक्त ठरतो.

या गोष्टीचा खरा अर्थ कळण्यासाठीं धाराशिव जिल्ह्याकडे पाहावें. २०२३ पर्यंत सरकारदप्तरीं उस्मानाबाद म्हणून नोंदलेला हा जिल्हा पावसाला पारखा आणि गाण्याला समृद्ध आहे. तेरणेच्या कांठीं तेर येथें गोरोबाकाकांची समाधि आहे. गोरोबा जातीनें कुंभार. त्यांचे अभंग मोजकेच. पण त्या अभंगांत त्यांचें नांव आहे. म्हणूनच २०२० च्या जानेवारींत ९३ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखालीं या जिल्ह्याच्या गांवीं भरलें, तेव्हां संमेलनाच्या नगरीला गोरोबांचें नांव देतां आलें. मडकीं घडविणाऱ्या हाताला सातशें वर्षांनंतर हा मान मिळाला, याचा आम्हांला आनंदच आहे.

पण त्याच जिल्ह्यांत तुळजापूर आहे. भवानीच्या दारीं वाजणारें संबळ, तुणतुणें आणि झांज, परडी घेतलेल्या व कवड्यांची माळ ल्यालेल्या आराधिणींचीं पदें, चैत्रीं पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेंत रात्रभर चालणारीं गाणीं, हें सारें भांडार कोणाचें? कदमराई आणि रेणुराई गोंधळ्यांचीं घराणीं पिढ्यान् पिढ्या आख्यानें पाठ करीत आलीं. संबळाच्या दोन तोंडांवर, एक काठी आंकड्या टोकाची घेऊन, जो ठेका हे लोक धरतात तो पुस्तकांत मिळत नाहीं. तो बापाच्या हाताकडे बघत मुलाला उचलावा लागतो. आज तो ठेका सर्वत्र ऐकूं येतो. २००४ च्या 'सावरखेड एक गाव' या चित्रपटांत अजय-अतुल यांनीं भवानीचें गाणें केलें, तें घरोघर गेलें. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत गोंधळ होतो. बँडवाले संबळाचा आघात ड्रमवर उतरवितात. ठेका मुंबईला पोंचला, पुण्याला पोंचला, समुद्रापार गेला. ज्याच्या हातून तो उचलला तो मात्र होता तेथेंच राहिला. महाराष्ट्र सरकारच्या यादींत गोंधळी ही भटकी जमात आहे. जमात भटकी म्हणून नोंदली गेली खरी. पण प्रत्यक्षांत भटकंती तिच्या गाण्याच्या वांट्याला आली आणि तिच्या स्वतःच्या वांट्याला विस्मृति!

येथें तरुणांचा तट पुढें सरसावतो. ते म्हणतात, 'गाणें तर वांचलें ना? बँड नसते तर हीं गाणीं कोणीं ऐकलीं असतीं?' हा युक्तिवाद दिसायला गोंडस आहे. झाडाचें फळ बाजारांत आलें म्हणून झाड वांचलें असें म्हणण्यासारखाच तो आहे. तोंडीं परंपरेंतलें गाणें ही वस्तु नव्हे. तें एक कौशल्य आहे, आणि कौशल्य माणसांत राहतें. ध्वनिमुद्रिकेंत एका रात्रीचें एक रूप गोठतें. आख्यान कोठें आंखडावें, यजमानाच्या घरचा कुलाचार ओळखून कोणती कथा लावावी, पेंगणाऱ्या मंडळींना संपादणी करून कसें जागें करावें, हें ज्ञान ज्याच्यापाशीं आहे त्याच्या मुलानें पोटासाठीं संबळ खुंटीला टांगलें, कीं परंपरा तेथेंच संपली. मग गिटारीवर तिच्या कितीहि आवृत्त्या निघोत.

हा भावनेचा प्रश्न नसून रोकड्या व्यवहाराचा आहे, हें पाहायचें तर दोन परदेशी उदाहरणें पुरेत. पॉल सायमन यानें १९६५ सालीं लंडनमध्यें मार्टिन कार्थी या इंग्रज लोकगायकाच्या तोंडून 'स्कार्बरो फेअर' हें जुनें गीत ऐकलें. १९६६ सालीं सायमन व गारफंकल यांच्या ध्वनिमुद्रिकेंत तें आलें, जगभर गाजलें. कार्थीचें नांव तेथें नव्हतें. गीत जुनेंच होतें, हें खरें. पण त्याला तें विशिष्ट वळण देणारा मनुष्य जिवंत होता, आणि त्याच्या मनांतला सल दीर्घकाळ राहिला. २००० सालीं सायमनने लंडनमध्यें त्याला रंगमंचावर बोलावून तें गीत त्याच्यासह गायलें, तेव्हां कोठें समेट झाला. दुसरें उदाहरण अधिक करुण आहे. सॉलोमन लिंडा या झुलू गायकानें १९३९ सालीं जोहान्सबर्गला 'म्बुबे' हें गीत मुद्रित केलें. अमेरिकेंत तें आफ्रिकेंतलें पारंपरिक गीत म्हणून गणलें गेलें; १९६१ सालीं नव्या शब्दांनीं तें तुफान खपलें; १९९४ च्या 'लायन किंग' चित्रपटांत गाजलें. लिंडा १९६२ सालींच दारिद्र्यांत मेला होता. त्याच्या मुलींच्या वतीनें दावा झाला आणि २००६ सालीं तडजोड होऊन त्यांना पैसा मिळाला. 'पारंपरिक' या एका शब्दाची ही किंमत!

कायद्याकडे पाहावें तर तेथेंहि मौज आहे. आमचा १९५७ चा कॉपीराइट कायदा, १९९४ च्या दुरुस्तीनंतर, गायक-नटांबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडी यांनाहि कलावंत मानतो; २०१२ च्या दुरुस्तीनें व्यापारी उपयोगांत कलावंताचा वांटाहि मान्य केला. पण हा हक्क त्याच्या स्वतःच्या प्रयोगापुरता. गोंधळ्याचें गाणें ऐकून दुसऱ्यानें गायलें कीं हा हक्क संपला. नव्या ध्वनिमुद्रिकेचा मालक मात्र साठ वर्षें निर्धास्त. न्यायालयांत ज्याला दाद नाहीं त्याचा न्याय समाजाच्या सदसद्विवेकानें करावयाचा असतो, आणि सुशिक्षित समाज म्हणून आपण मिरवतों तें याचसाठीं ना?

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, लोकगीत कोणा एकाचें नसतें. त्याला मालक लावला तर तें मरेल. आम्ही मालकी मागतच नाहीं. विहिरीवर ती बांधणाऱ्याचें नांव कोरलें म्हणून कोणाचा पोहरा अडत नाहीं. या देशांत पाणी अडवणारे निघाले, ते कोरलेल्या नांवामुळें नव्हे, हें निराळें सांगायला नको. दुसरा आक्षेप, नांव सांपडत नाहीं. तो तर आळशाचा आक्षेप आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनीं सुरू केलेल्या कामांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या; त्या आतां 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहांत प्रसिद्ध होत आहेत, आणि तेथें ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचें नांव व गांव दिलेलें असतें. पहांटेच्या अंधारांत दळणाऱ्या बायांचीं नांवें सांपडतात, आणि भर मांडवांत हजार लोकांसमोर गाणाऱ्या गोंधळ्याचें नांव सांपडत नाहीं! मूळ रचणारा सांपडणार नाहीं हें कबूल. पण 'हें गाणें अमुक गांवच्या अमुक गोंधळ्याकडून शिकलों' एवढें लिहायला कोणतें संशोधन लागतें? १९०३ सालीं सेसिल शार्प यानें इंग्लंडांत पहिलें लोकगीत टिपलें, तें जॉन इंग्लंड नांवाच्या एका माळ्याकडून; ही गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे, कारण तें नांव टिपून ठेवण्याची बुद्धि कोणाला तरी झाली.

तिसरा आक्षेप असा कीं बँडवाल्या पोरांनाच कोठें फार मिळतें? खरें आहे, पुष्कळांना मिळत नाहीं. पण नांव लिहायला दिडकीहि पडत नाहीं, आणि जेथें कांहीं मिळतें तेथें त्यांतला वांटा देतां येतो. शंभरांतून वांटा काढतां येत नाहीं आणि लाखांतून काढवत नाहीं, असें व्हायला नको.

म्हणून आमचें मागणें अगदीं साधें आहे. पहिलें, श्रेयनामावलींतून 'पारंपरिक' हा शब्द एकटा छापणें बंद व्हावें; त्याच्यापुढें गाणें ज्याच्याकडून घेतलें त्याचें नांव व गांव यावें. दुसरें, उत्पन्नाचा ठरीव वांटा त्या माणसाला किंवा त्याच्या गांवच्या मंडळीला जावा. तिसरें, बँडनें तुळजापूरचा ठेका वाजवायचा तर तुळजापूरचा संबळवाला वर्षांतून एकदां तरी मंचावर असावा, आणि तो शोभेसाठीं कडेला नव्हे, मध्यभागीं. जो गायक एवढें करील त्याच्या गिटारीला आम्ही संबळाइतकेंच सोंवळें मानूं. गोरोबाकाकांनीं थापटी मारून संतांचीं डोकीं तपासलीं, पक्कें कोण आणि कच्चें कोण तें सांगितलें, अशी कथा आहे. बँडाचें मडकें पक्कें कीं कच्चें तें पाहायला हीच थापटी पुरे. गिटार कोणत्या देशची, हें विचारण्याचें प्रयोजन नाहीं.

शेवटीं एक शब्द वाचकांना. बँडवाल्यांना दोष देणें फार सोपें आहे. ते तरुण आहेत, केंस वाढवितात आणि आपल्या घरांतले नसतात. पण आपल्या घरच्या लग्नानंतर कुलाचार म्हणून गोंधळ घातला होता, तो कोणीं घातला? मंडपवाला, आचारी, छायाचित्रकार या सर्वांचीं नांवें व पत्ते आपल्या वहींत असतात. गोंधळी तेवढा 'ते गोंधळी लोक'. त्याच्याशीं बिदागीसाठीं घासाघीस होते आणि रात्रीं उशीर होतो म्हणून आख्यान आटोपतें घ्यायला सांगितलें जातें. 'पारंपरिक' हा शब्द ध्वनिमुद्रिकेवर छापला जाण्यापूर्वीं तो आपल्या माजघरांत तयार झालेला असतो.

आणि यांतला उपरोध असा कीं गोंधळ सुरू होतो तोच नांवें घेऊन. चौक भरून, घट मांडून, दिवटी पेटवून गोंधळी एकेका देवतेला हांक घालतो. तुळजापूरची, माहूरची, कोल्हापूरची, जेजुरीचा, असें प्रत्येकाचें गांव आणि नांव उच्चारून तो त्यांना आवतण देतो, आणि एकहि देव चुकून वगळत नाहीं. देवांशीं सुद्धां तो इतक्या चोख हिशेबानें वागतो. त्याचें गाणें आपल्या घरीं, आपल्या मंचावर, आपल्या ध्वनिमुद्रिकेंत येईल तेव्हां आपणहि त्याचें नांव आणि गांव घेऊनच त्याला हांक मारावी.